परदेशातील पेढी आणि तेथील कायदा

कारंजा-रिसोडच्या बाजारपेठेत मुनीम शब्दावर नेमला जाई. दुबईत पेढी थाटणाऱ्या आपल्या तरुणांनी मात्र लेखी करारच करावा. अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याने आठवड्याचे नियमित काम कमाल ४८ तास ठरविले आहे. वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा आहे. वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देय होते : पहिली पाच वर्षे प्रतिवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे ३० दिवसांचे.

भरतीचा खर्च नोकराकडून घेता येत नाही. गावचा ओळखीचा मुलगा नेला, तरी त्याचा पासपोर्ट ‘सांभाळण्यासाठी’ म्हणून तिजोरीत ठेवू नये. तत्त्वार्थसूत्रात विरुद्धराज्यातिक्रम हा अचौर्यव्रताचा अतिचार गणला आहे. परराज्याचा कायदाही त्यातच मानणे पेढीला शोभेल.