पुढाऱ्यांची सचोटी आणि मेंदूचीं यंत्रें

राज्यकर्त्याच्या पोटांत काय आहे हें प्रजेस कसें कळावें, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत अमात्यांसाठीं धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार उपधा सांगितल्या आहेत. म्हणजे गुप्तपणें मोह अगर भीति दाखवून अमात्य ढळतो कीं काय, हें पाहावयाचें. तेंच काम आतां मेंदू तपासणाऱ्या यंत्रांकडून करून घ्यावें, असा विचार पुढें येत आहे. त्याचे गुणदोष शांतपणें पाहणें इष्ट होय.

प्रथम गुण पाहूं. १९१९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांस अर्धांगाचा झटका आला, आणि त्याची खरी तीव्रता पत्नीनें व वैद्यानें लोकांपासून कित्येक महिने लपविली. आज मेंदूचें चित्र काढणाऱ्या यंत्रास असा आघात सहसा चुकत नाहीं. ज्याच्या सहीनें युद्ध अगर तह व्हावयाचा, त्याचा मेंदू धड आहे एवढें जाणण्याचा लोकांस अधिकार असावा.

परंतु व्याधि दिसणें निराळें आणि नियत दिसणें निराळें. हान्स बर्गर या जर्मन वैद्यानें १९२४ सालीं मानवी मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम टिपल्या. अशा लहरींवरून मनांतील आठवण ओळखण्याची एक पद्धति आपल्याकडे निघाली, व २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत तिचा निष्कर्ष पुराव्यांत धरला. पुढें २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा परीक्षा संमतीवांचून करणें घटनाविरुद्ध ठरविलें.

येथें थोडें गणित करावें. समजा, १०० पैकीं ९० वेळां अचूक सांगणारें यंत्र सिद्ध झालें, आणि १,००० अधिकाऱ्यांत १० फितूर आहेत. यंत्र ९ फितूर पकडील. पण त्याबरोबरच ९९ निरपराध्यांवर तोच शिक्का मारील, आणि दहावा फितूर शुद्ध ठरून निर्धास्त फिरेल!

असा दहावा खरोखरच होऊन गेला. अमेरिकन हेरखात्यांतील आल्ड्रिच एम्स हा सोव्हिएत रशियास गुपितें विकीत असतां, श्वास, नाडी व घाम यांवरून खोटें पकडणाऱ्या यंत्राच्या परीक्षेंत १९८६ व १९९१ सालीं दोनदां उत्तीर्ण झाला. १९९४ सालीं तो सांपडला तो यंत्रामुळें नव्हे; त्याचा उधळा खर्च आणि रशियन वकिलांतीच्या माणसाच्या भेटींशीं जुळणारे बँकेंतील भरणे यांनीं त्याचें बिंग फोडलें.

शिवाय, हें यंत्र कोणाच्या हातीं राहणार? सत्ताधीश तें विरोधकांच्या मस्तकावर ठेवील, स्वतःच्या नव्हे. निर्दोष मनास अशा परीक्षांनीं दूषित करणें म्हणजे पाण्यांत विष कालविणें, हा इशारा तर उपधा सांगणाऱ्या कौटिल्यानेंच देऊन ठेवला आहे.

एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषाच्या मनांत शिरण्याचा हट्ट कोणी धरीत नाहीं. जमाखर्चाची वही मात्र सर्वांस पाहावयास मिळाली पाहिजे. पुढाऱ्यांच्या बाबतींतही प्रकृतीची तपासणी वैद्यानें करावी आणि सचोटीची तपासणी हिशेबनिसानें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें ती वही मागण्याचा हक्क नागरिकांस दिलेला आहे. तो वापरण्याची संवय मात्र आपणांस लावून घ्यावी लागेल.