जबड्याचा सांधा मोडला तर

बैलगाडीवरून हनुवटीवर पडले, तर हाड पुष्कळदा कानापुढील सांध्याजवळ मोडते. तोंड उघडेना, दात जुळेनात, तर चोळत बसू नका, रुग्णालय गाठा. लहान मुलाकडे दुर्लक्ष झाल्यास सांधा कायमचा आखडू शकतो.

सर्वांना शस्त्रक्रिया लागत नाही. काहींचे दात तारेने बांधून भागते. लागलीच, तर टिटॅनियमची पट्टी स्क्रूने बसवतात. एका खिळ्यावरची फळी फिरते, दोन खिळ्यांवरची फिरत नाही. तसेच येथे. चावताना हाडाची मागची कड दाबली जाते, पुढची ताणली जाते. एकच बारीक पट्टी वाकू किंवा तुटू शकते. म्हणून दोन पट्ट्या, किंवा दोन्ही कडा धरणारी चौकटीसारखी पट्टी अधिक भक्कम. जागा अपुरी असल्यास त्रिकोणी पट्टी कामी येते.

डॉक्टर सांगतील तितके दिवस भाकरी बाजूला ठेवा; पेज घ्या.