आजोबांची दुनळी आणि पंचेचाळीस दिवस

जुलैतली गोष्ट. रूमवर आम्ही चौघं मॅगी खात बसलो होतो, माझा फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून काका म्हणाले, "अरे, बंदुकीचं गिऱ्हाईक गेलं. विसार परत देऊन टाकला." तिघांचेही चमचे हवेत थांबले. त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर मला 'भाई' म्हणतात. मेसच्या रांगेत सुद्धा लोक आदराने पुढे जाऊ देतात. तेव्हा हा लेख म्हणजे थोडासा खुलासा आहे असं समजा.

आमचं गाव कोकणात. आजोबांकडे बारा बोअरची दुनळी बंदूक, शेतीच्या संरक्षणासाठी घेतलेली, रीतसर परवान्याची. रानडुकरं भातात उतरली की रात्री हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. मी लहानपणापासून तिला फक्त दोन वेळा खाली काढलेली बघितलीय. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला, आणि दसऱ्याला पूजेला. आता आजोबा एक्याऐंशीचे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. मे महिन्यात मी सुट्टीवर असताना त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "मला आता दिसत नाही, तुम्हाला नको आहे. विकून टाकू." बाबांना खरंच नको होती. मला हवी असती तरी उपयोग नव्हता, कारण मी वीस वर्षांचा. आपल्याकडे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही.

आठवड्याभरात गिऱ्हाईक आलं. शेजारच्या तालुक्यातले आंबा बागायतदार, बोलायला गोड माणूस. येताना पायरीची पेटी घेऊन आले. परवाना बरोबर होता. भाव ठरला, आजोबांनी विसार घेतला. मग ते म्हणाले, "आजोबा, आजच सगळे पैसे घ्या, बंदूक गाडीत टाकतो. कागदाचं काय, मागाहून करू."

आजोबा म्हणाले, "बंदूक म्हणजे म्हैस नव्हे."

आता हे वाक्य मला फार आवडलं, पण त्याच्या मागे काय आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. म्हशीच्या बाजारात विकणारा घेणाऱ्याचे पैसे बघतो, घेणारा म्हशीचे दात बघतो, व्यवहार संपला. बंदुकीच्या बाबतीत विकणाऱ्याला घेणारा माणूस बघावा लागतो, आणि तसं कायद्याने त्याच्यावर बंधन आहे. मी सुट्टीत रिकामाच होतो, म्हणून कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या माझ्या वाट्याला आल्या. (पहिल्या दिवशी 'हे आमच्या टेबलाचं काम नाही' हे वाक्य मी तीन टेबलांवर ऐकलं. असो.)

तर मुद्द्याचं. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्रांचा धंदा करायचा तर दुकानदाराचा परवाना लागतो. पण त्याच कलमात खाजगी माणसासाठी वाट ठेवलेली आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक तो दुकानदार नसतानाही दुसऱ्या पात्र माणसाला विकू शकतो. मात्र दोन अटी आहेत. जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं, की मी अमुक शस्त्र अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या माणसाला विकणार आहे. आणि कळवल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी बंदूक हातची सोडायची नाही. काडतुसांनाही हेच लागू, म्हणजे 'बंदुकीबरोबर ही दहा काडतुसं तशीच ठेवा' हा मोठेपणा चालत नाही. न कळवता किंवा मुदतीआधी विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये वाचून हसू नका, मधले ते सहा महिने वाचा.

बारकाईने बघितलं तर कलमात 'कळवा' असं आहे, 'परवानगी घ्या' असं नाही. पण व्यवहारात ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय कोणी शहाणा माणूस पुढे जात नाही. शेवटी बंदूक आपल्या परवान्यावरून कमी होऊन घेणाऱ्याच्या परवान्यावर चढायला हवी. ती नोंद होईपर्यंत कागदोपत्री ती आपलीच, आणि तिच्यातून काही भलतं घडलं तर पोलीस पहिल्यांदा आपलाच दरवाजा ठोठावणार.

मग घेणाऱ्याचं नेमकं काय बघायचं? मी आपला कॉम्प्युटरचा विद्यार्थी असल्यामुळे मला ते लगेच ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन असं दिसायला लागलं. समोरचा माणूस तोच आहे का, हा पहिला प्रश्न. तो असला तरी त्याला ही वस्तू घेण्याचा अधिकार आहे का, हा दुसरा. आपल्या मेसमध्ये कार्डावरचा फोटो जुळला की ताट मिळतं, पण कार्डाचे पैसे भरलेत का हे फोटो सांगत नाही. तसंच आहे.

परवान्यावर बरंच काही वाचता येतं. नाव, फोटो, मुदत, कोणत्या भागापुरता आहे ते, आणि कोणत्या प्रकारच्या शस्त्रासाठी आहे ते. रिव्हॉल्व्हरसाठी परवाना काढलेल्या माणसाला त्या जोरावर बारा बोअर घेता येत नाही. आधीची किती शस्त्रं चढवलेली आहेत ते मोजायचं. पूर्वी एका माणसाला तीन बाळगता येत होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. त्यामुळे ज्याच्याकडे दोन आहेत तो तिसरी घेऊ शकत नाही, परवाना कितीही ताजा असो. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, म्हणून तारीख नीट बघावी. 'रिन्यूअलला टाकलाय, पावती आहे' असं कुणी म्हणालं तर पावती घेऊन त्याच्या कचेरीत विचारावं, त्याला विचारू नये. परवान्यावर एक यूआयएन नंबर असतो, देशभरातल्या शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला. आपल्या अर्जात तो लिहिला की तपासणाऱ्याचं काम सोपं होतं.

आणि झेरॉक्स घेऊन समाधान मानायचं नाही. मूळ परवाना बघायचा, आणि तो ज्या कचेरीने दिला तिथून खात्री करून घ्यायची. कचेरीचा फोन नंबर सुद्धा घेणाऱ्याने दिलेला वापरायचा नाही, आपण शोधलेला वापरायचा. गावाकडे हे जरा उद्धट वाटतं. माणूस आंब्याची पेटी घेऊन आलाय आणि आपण त्याची चौकशी करतोय! पण ज्याचे कागद सरळ आहेत त्याला चौकशीने काही लागत नाही, हे आजोबांचं मत आणि माझंही.

आपल्या बाजूचीही एक तपासणी आहे, ती लोक विसरतात. बंदुकीवर कोरलेला नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळतो का? बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण नसलेली बंदूक विकायला कायद्याची मनाई आहे. आमच्या दुनळीवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि धुळीचा थर बसला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर शेवटचा आकडा तीन आहे की आठ, यावर घरात अर्धा तास वाद झाला. आठ निघाला, परवान्याप्रमाणे.

आता या सगळ्यात पात्र ठरलेल्या आमच्या बागायतदारांचं काय झालं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यांचा परवाना खरा होता. फोटो त्यांचाच, मुदत बाकी, प्रकार बरोबर, आधीचं शस्त्र एकही नाही. आम्ही अर्ज दिला, चौकशीचा कागद त्यांच्या पोलीस ठाण्याला गेला आणि पस्तिसाव्या की छत्तिसाव्या दिवशी उत्तर आलं, की सदर इसमावर तीन महिन्यांपूर्वी चॅप्टर केस झालेली असून वर्षभर शांतता राखण्याचा बाँड लिहून देण्याचा आदेश आहे. कारण? शेताचा बांध. चुलतभावाशी भांडण.

चॅप्टर केस म्हटलं की आपण ती किरकोळ समजतो. निवडणुकीच्या आणि गणपतीच्या आधी अशा कितीतरी होतात. पण शस्त्र कायद्याचं नववं कलम किरकोळ समजत नाही. त्या कलमात कुणाला बंदूक घेता येणार नाही ते लिहिलंय. एकवीस वर्षांखालचा, मनाने अस्थिर असलेला, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेला (शिक्षा संपल्यावरही पुढे पाच वर्षं), आणि शांततेचा किंवा चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून देण्याचा आदेश झालेला, बाँडची मुदत संपेपर्यंत. अशा माणसाला, तो असा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना, बंदूक विकणं हा विकणाऱ्याचाही गुन्हा आहे. 'मानायला कारण असताना' हे शब्द महत्त्वाचे. डोळे मिटून बसलं की सुटलो, असं होत नाही.

म्हणजे बघा, कागद खरा आणि माणूस अपात्र. परवाना दिला एका कचेरीने, बाँडचा आदेश काढला दुसऱ्या कचेरीने, आणि दोन्ही कागदांची गाठ अजून पडायची होती. आपल्या भाषेत सांगायचं तर हातातला परवाना ही कॅश कॉपी आहे. ती ज्या दिवशी छापली त्या दिवसापुरती खरी. सर्व्हरवर मधल्या काळात काय बदललं ते तिला कळत नाही. परवाना निलंबित झाला असला तरी पुस्तक माणसाच्या खिशात राहू शकतं. पंचेचाळीस दिवस मला आधी सरकारी आळस वाटला होता. तो खरं म्हणजे ही कॅश ताजी करायला दिलेला वेळ आहे.

आणि समजा, पहिल्याच दिवशी बंदूक त्यांच्या गाडीत गेली असती तर? तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण बांधाचं भांडण तापलेलं, चुलतभाऊ शेजारच्याच वाडीत, आणि घरात नवी दुनळी. एवढंच म्हणतो.

आपल्यातले बरेच जण एमएसला अमेरिकेत जायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी तिथलं थोडं. तिथे परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना फॉर्म भरावा लागतो आणि एफबीआयच्या 'निक्स' या यंत्रणेतून घेणाऱ्याची तपासणी होते. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने ती आली आणि ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली. पण ती दुकानदारांसाठी. एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खाजगी माणसांत व्यवहार असेल तर केंद्राचा कायदा तपासणीची सक्ती करत नाही. समोरचा अपात्र आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना विकू नका, एवढंच म्हणतो. खाजगी माणसाला स्वतः निक्सला विचारता पण येत नाही. ज्याला खात्री हवी तो घेणाऱ्याला बरोबर घेऊन दुकानदाराकडे जातो आणि थोडे पैसे देऊन तपासणी करून घेतो. कॅलिफोर्निया, कोलोरॅडोसारख्या काही राज्यांनी तेच सक्तीचं केलंय.

तिथल्या यंत्रणेची उत्तरं बहुतेक वेळा काही मिनिटांत येतात, पण एक भोक आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदाराला विक्री करता येते. २०१५ च्या एप्रिलमध्ये एका तरुणाची तपासणी अशीच लांबली, मुदत उलटली आणि त्याला पिस्तूल मिळालं. १७ जूनला त्याने चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली. त्याच्या नोंदीत त्याला अडवण्याजोगी माहिती होती, ती वेळेत सापडली नाही. आपल्याकडेही मुदत नुसती उलटली म्हणजे माणूस पात्र झाला असं नव्हे, ते यावरून लक्षात यावं. आणि हो, विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना तिथे बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. तेव्हा रूममेटने जुनी बंदूक स्वस्तात देऊ केली तर त्याला आजोबांचं म्हशीचं वाक्य इंग्रजीत ऐकवा.

तर काकांच्या त्या फोनचा उलगडा एवढाच. बागायतदार विसार घ्यायला आले तेव्हा ओशाळले होते. "बाँड म्हणजे बंदुकीलाही बंदी, हे मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले. मला ते खरं वाटतं. आजोबांनी त्यांना चहा पाजला, बाँड संपल्यावर या म्हणाले, पण तोपर्यंत बंदूक ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

ऑगस्टमध्ये तालुक्याच्या गावातल्या एका निवृत्त फौजींचं नाव आलं. नाव बदललं म्हणजे अर्ज नवा, आणि मोजणी पुन्हा एकपासून. या वेळी आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक काट मारली. मुदत संपली, ना-हरकत पत्र आलं, एका परवान्यावरून नोंद कमी झाली आणि दुसऱ्यावर चढली. आजोबा स्वतः बंदूक घेऊन गेले, मी नुसता सोबतीला, पिशवीसुद्धा त्यांनी माझ्या हातात दिली नाही. "एकवीस झाल्यावर," म्हणाले.

परत येताना एसटीत ते बराच वेळ गप्प होते. गाव जवळ आल्यावर विचारलं, "त्या आंबेवाल्याचं बांधाचं मिटलं का रे?"