आधी ऐकावे, मग बोलावे
ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी तंटानिवारणाचे काही धडे

खताची मात्रा, बियाण्याची निवड आणि कीडनियंत्रणाचे उपाय यांचे ज्ञान कार्यकर्त्यास प्रशिक्षणवर्गात मिळते. परंतु ज्या गावात दोन भाऊ धुऱ्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत, किंवा पांदणीवर काटे घालून एकाने दुसऱ्याची बंडी अडविली आहे, तेथे हे ज्ञान शेतापर्यंत पोहोचतच नाही. पाऊस पडून गेला आहे, वावर वापशावर आले आहे आणि बैलजोडी मात्र वाटेअभावी दारात बांधून आहे, हा प्रसंग वऱ्हाडात अपरिचित नाही. पेरणीचा हंगाम एकदा हुकला की त्याची भरपाई कोणतेही खत करू शकत नाही. म्हणून रागावलेल्या माणसाशी कसे बोलावे, हेही कार्यकर्त्याने शेतीशास्त्राइतक्याच आस्थेने शिकून घ्यावयास हवे.

रिद्धपूरचा वारसा

या शिक्षणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे गाव आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकात त्यांचे अनुयायी येथे एकत्र आले. त्यांत म्हाइंभट होते. ते मूळचे शास्त्रार्थात प्रवीण आणि विद्येचा अभिमान बाळगणारे पंडित. स्वामींना वादात जिंकावे म्हणून आलेले हे गृहस्थ पुढे त्यांचे शिष्य झाले, आणि स्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांच्याकडे स्वतः जाऊ लागले. त्यांतून सुमारे १२७८ साली 'लीळाचरित्र' सिद्ध झाले.

एकच प्रसंग चार माणसांना चार प्रकारे स्मरतो. लीळाचरित्राच्या पाठांत अशा भिन्न आठवणी जागोजागी नोंदलेल्या आढळतात. एकाचे खरे आणि दुसऱ्याचे खोटे असा निवाडा घाईने केलेला नाही. तसेच श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृताऐवजी सामान्य जनांना कळेल अशा मराठीचा आग्रह धरला. प्रत्येकाचे म्हणणे पूर्ण ऐकून नोंदवावे आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे, हे दोन धडे आजच्या कार्यकर्त्यासही तितकेच उपयोगी आहेत.

धुऱ्याचा तंटा कसा हाताळावा

समजा, शेजाऱ्याने धुरा कोरून दोन तासे आपल्या वावरात घेतली, अशी तक्रार घेऊन एक शेतकरी आला आहे. अशा वेळी पुढील क्रम ठेवावा.

१. दोघांस वेगवेगळे भेटावे. चावडीवर, दहा माणसांसमोर, कोणीही माघार घेत नाही. कारण तेथे जमिनीपेक्षा मान मोठा होतो. शक्यतो त्याच्या वावरात किंवा घरी जावे.

२. मध्ये बोलू नये. तो पाच वर्षांपूर्वीच्या लग्नातील अपमान सांगू लागला तरी ऐकावे. पुष्कळदा धुरा हे निमित्त असते आणि खरे दुखणे त्या जुन्या गोष्टीत असते.

३. ऐकलेले परत सांगावे. "भाऊ, तुमचे म्हणणे असे की निंबाच्या झाडापासून नाल्यापर्यंत धुरा पूर्वी सरळ होता आणि यंदाच्या वखरणीत तो सरकला. बरोबर ना?" आपले म्हणणे समोरच्यास समजले, एवढ्यानेच निम्मा राग ओसरतो.

४. दोन्ही बाजू एकाच कागदावर समोरासमोर लिहाव्यात. कोणत्या गोष्टी दोघांस मान्य आहेत, ते प्रथम पाहावे. मान्य गोष्टींपासून बोलणे सुरू केले म्हणजे वादाचा भाग वाटतो त्याहून लहान निघतो.

५. शेवटी दोघांस धुऱ्यावरच एकत्र आणावे. मोजणीची आवश्यकता असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करण्यास दोघांची संमती घ्यावी. मोजणीचा निर्णय काय येईल, याविषयी कार्यकर्त्याने अंदाज सांगू नये.

कठीण स्वभावाची माणसे

ओरडून बोलणाऱ्यापुढे आपला आवाज चढवू नये. तो हळू ठेवावा. गप्प बसणाऱ्याचे मौन म्हणजे संमती समजू नये. त्यास एकांतात विचारावे. एकाचे बोलणे दुसऱ्याकडे नेणाऱ्यास, "हे त्यांच्यासमोर सांगाल काय?" एवढाच प्रश्न पुरेसा होतो. वजनदार पुढारी आपल्या बाजूने शब्द टाकण्यास सांगेल, तेव्हा नम्रतेने परंतु स्पष्ट नकार द्यावा. तंटा चालू असता कोणा एकाच्याच घरी चहापाणी घेतले तरी गाव त्याचा अर्थ लावते, आणि एकदा पक्षपाती ठरलेल्या कार्यकर्त्याचा पिकाविषयीचा सल्लाही अर्धे गाव ऐकत नाही.

समजुतीची मर्यादा

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि सामोपचाराने तंटे मिटविण्यास गावोगावी समित्यांचे बळ दिले. परंतु प्रत्येक गोष्ट समजुतीने मिटविण्याची नसते. स्त्रीवरील अत्याचार, जातीवरून केलेला छळ आणि जिवावर बेतणारी मारहाण यांत पीडितास 'जाऊ द्या' म्हणणे हा अन्याय होय. तेथे पीडितास ताबडतोब पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करावे.

कायद्याची माहितीही कार्यकर्त्याजवळ असावी. शेताची पूर्वापार वाट कोणी बेकायदा अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती मागावी लागते. वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. समजुतीच्या बोलण्यात ही सहा महिन्यांची मुदत निघून गेल्यास दुबळ्या शेतकऱ्याचाच तोटा होतो. तेव्हा पहिल्या भेटीतच त्यास ही मुदत सांगावी आणि अडथळा झाल्याची तारीख लिहून ठेवण्यास सांगावे.

१९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून गावपातळीवरील कार्यकर्ता हा शासन आणि शेतकरी यांमधील दुवा मानला गेला आहे. दुवा दोन्ही बाजूंस सारखाच घट्ट असावा लागतो. येत्या पेरणीपूर्वी आपल्या गावातील अडलेल्या वाटांची आणि धुऱ्यांच्या तंट्यांची यादी प्रत्येक कार्यकर्त्याने करावी, आणि उन्हाळ्यातच, वावरे मोकळी असताना, प्रत्येकाच्या दारी जाऊन ऐकावयास प्रारंभ करावा. म्हणजे पाऊस पडेल तेव्हा तिफण वाटेवर अडून राहणार नाही.