इलेक्ट्रिक स्कूटर आपोआप पळते म्हणजे नेमकं काय होतं? थ्रॉटलचे बिघाड समजून घ्या

पेट्रोल स्कूटरची रेस अडकली तर आधी इंजिन ओरडतं, मग आपण सावध होतो. इलेक्ट्रिक गाडीत हा इशारा मिळत नाही. गाडी चालू आहे की बंद हेच पटकन कळत नाही, आणि मोटर थांबलेल्या अवस्थेतूनही लगेच जोर लावते. म्हणून 'रेस न देता गाडी पळाली' असं कोणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण शनिवार-रविवारी मित्रांच्या ई-सायकली आणि स्कूटर उघडून बसणं हा माझा उद्योग. त्यातून जे कळलं ते सोप्या भाषेत सांगतो.

थ्रॉटल काम कसं करतं?

इथे पेट्रोल गाडीसारखी केबल नसते. बहुतेक गाड्यांत ग्रिपच्या आत एक छोटं चुंबक आणि एक हॉल सेन्सर असतो. ग्रिप पिळली की चुंबक सरकतं आणि सेन्सरमधून येणारं व्होल्टेज बदलतं.

साध्या थ्रॉटलला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. ग्रिप सोडलेली असताना सिग्नलवर साधारण ०.८ ते १ व्होल्ट असतं, पूर्ण पिळल्यावर ३.५ ते ४.२ च्या आसपास. कंट्रोलर हा आकडा वाचतो आणि त्यानुसार मोटरला करंट देतो.

तुमचा हात ग्रिपवर आहे की नाही, हे कंट्रोलरला दिसत नाही. त्याला फक्त हा आकडा दिसतो. आकडा चुकला की गाडी चुकते.

आकडा चुकतो कशामुळे?

- ग्राउंडची वायर तुटणे: सगळ्यात धोकादायक प्रकार. ग्राउंड गेलं की सिग्नल ५ व्होल्टच्या दिशेने चढतो. कंट्रोलर साधा असेल तर त्याला वाटतं, चालकाने फुल्ल रेस दिली आहे.
- पाणी: पावसात किंवा प्रेशरने गाडी धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. ५ व्होल्टच्या पिनवरून सिग्नलच्या पिनवर थोडा करंट गळतो आणि आकडा वाढतो.
- स्प्रिंग किंवा चुंबक: स्प्रिंग कमजोर झाली, आत चिखल गेला किंवा चुंबक जागेवरून हललं, तर ग्रिप सोडली तरी आकडा शून्य रेसवर परत येत नाही.
- बाहेरची अडचण: ग्रिपला चिकटून लावलेला मोबाईल होल्डर, जाड ग्रिप कव्हर, रेनकोटची बाही. यात इलेक्ट्रॉनिक्सचा काहीच दोष नसतो.

डिलिव्हरीचं काम करणारा माझा एक मित्र गेल्या पावसाळ्यात किट लावलेली सायकल घेऊन आला. हँडल डावीकडे वळवलं की सायकल झेप घ्यायची. सिग्नलला एका रिक्षावर आदळता आदळता वाचला होता. मल्टिमीटर लावला. हँडल सरळ असताना ०.८६ व्होल्ट, डावीकडे पूर्ण वळवल्यावर थेट पाचच्या जवळ. हँडलखाली केबल टाय आवळलेला होता, तिथे काळी वायर आतून तुटली होती. बाहेरून प्लास्टिक अगदी धड. त्यात ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणाऱ्या स्विचची वायर कुणीतरी आधीच काढून टाकली होती.

चांगला कंट्रोलर काय करतो?

- आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की 'एरर' समजून मोटर बंद करतो.
- गाडी चालू करताना ग्रिप पिळलेली असेल तर ती शून्यावर येईपर्यंत मोटर फिरवत नाही.
- ब्रेक आणि रेस एकत्र आले तर ब्रेकचं ऐकतो.

कोड लिहिणाऱ्यासाठी ही काही ओळींची तपासणी आहे. आजच्या मोटारींत तर ॲक्सिलरेटर पेडलला दोन सेन्सर असतात आणि दोघांचे आकडे जुळतात का ते सतत पाहिलं जातं. स्वस्त किटमध्ये मात्र बऱ्याचदा एकच सेन्सर असतो आणि तपासणी जेमतेम.

पाच मिनिटांत तपासा

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी हवं. आसपास लहान मुलं नकोत.

१. ग्रिप पूर्ण पिळून सोडा. झटक्यात परत यायला हवी. हे गाडी बंद ठेवूनच करा.
२. गाडी चालू करा आणि रेस न देता हँडल हळूहळू दोन्ही टोकांना वळवा. चाक जराही हलता कामा नये.
३. थोडी रेस देऊन फक्त पुढचा ब्रेक हलकेच दाबा. मागच्या मोटरची पॉवर तुटायला हवी.
४. गाडी बंद करा, ग्रिप थोडी पिळून धरा आणि चालू करा. चाक फिरता कामा नये.

एकही चाचणी चुकली तर गाडी रस्त्यावर काढू नका.

चालवताना झालं तर?

ग्रिप सोडा, दोन्ही ब्रेक एकदम आणि घट्ट दाबून धरा. ब्रेक न सोडता किल स्विच किंवा चावीने पॉवर बंद करा. चावी फक्त 'ऑफ'पर्यंतच फिरवा. पुढे फिरवली तर हँडल लॉक होऊ शकतं. पॉवर गेली तरी ब्रेक चालतात, त्यामुळे घाबरू नका.

आणि एक सवय लावून घ्या: उतरण्याआधी गाडी बंद करा. पार्किंगमध्ये चालू गाडी ढकलताना हात ग्रिपवर पडतो आणि गाडी भिंतीवर जाते. तिथे सेन्सर बरोबरच असतो.

नंतर काय करायचं?

डिस्प्लेवरच्या एरर कोडचा फोटो काढा, शक्य असेल तर बिघाडाचा व्हिडिओ घ्या आणि सर्व्हिस सेंटरकडे लेखी तक्रार द्या. 'रीस्टार्ट केली, आता ठीक आहे' एवढ्यावर गाडी परत घेऊ नका. कोणता भाग बदलला ते जॉबकार्डवर लिहून घ्या. वायर हललं की जोडली जाते, हललं की तुटते. आज ठीक चाललेली गाडी उद्याच्या वळणावरही ठीक चालेल, याची खात्री रीस्टार्टने मिळत नाही.