शेतकऱ्याच्या घरीं संडास कोणता असावा?

घर बांधतांना देवघर, माजघर व गोठा यांचा विचार आपण बारकाईनें करतों; संडासाचा मात्र गवंड्यावर सोपवितों. आम्हींही तसेंच केलें. त्याच्या सांगण्यावरून एकच मोठी बंदिस्त टाकी बांधिली. ती ऐन श्रावणांत तुंबली. चिखलामुळें उपशाची गाडी वस्तीवर येईना. आणि संरक्षक साधनांवांचून माणूस टाकींत उतरविणें हा सन २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तो महिना घरांतील बायकांनीं कसा काढला, हें लिहवत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, जमीन पाणी शोषणारी असेल तेथें दोन शोषखड्ड्यांचाच संडास बांधावा. पांच-सहा माणसांस सुमारें तीन फूट रुंद व चार फूट खोल असे दोन खड्डे पुरतात. भिंतीच्या विटांत फटी ठेवाव्या व तळ कच्चा सोडावा, म्हणजे पाणी व वायु जमिनींत मुरतात. एका वेळीं एकच खड्डा चालूं ठेवावा. तो साधारण तीन वर्षांनीं भरला कीं बंद करून दुसरा सुरू करावा. पहिल्यांतील मैल्याचें दोन वर्षांत कोरडें, निर्गंध सोनखत होतें. कोंकणांत गोपुरी येथें आप्पासाहेब पटवर्धन यांनीं अशा खताचा पुरस्कार आयुष्यभर केला. मात्र कच्च्या खाण्याच्या भाजीस तें घालूं नये.

भांडें तीव्र उताराचें घ्यावें. दोन तांबे पाण्यांत तें स्वच्छ होतें. खालील वांकड्या नळींत पाणी राहून दुर्गंधी अडते. न्हाणीचें पाणी खड्ड्यांत सोडूं नये. गुडघे दुखणाऱ्या वडील मंडळींकरितां खुर्चीसारखें भांडें बसवावें. खड्डे तेच चालतात.

सर्वांत मोठी काळजी विहिरीची. खड्डे विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर व उताराच्या बाजूस असावे. काळ्या जमिनींत पाणी हळू मुरतें, म्हणून खड्डे मोठे करावे. पावसाळ्यांत भूजल वर येत असल्यास ते उथळ व रुंद करावे. कातळावर मात्र टाकीच बांधावी लागते. तेथें गाडीची वाट आधीं पाहावी.

गवंड्यास विसार देण्यापूर्वीं आपली जमीन व विहीर एकदां पाहून घ्यावी, इतकीच शेतकरी बंधूंस विनंति.