दहा फुगे, हजारो डोळे

५ डिसेंबर २००९. अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने देशभरात १० लाल फुगे उभारले. सर्वांचा ठावठिकाणा सर्वप्रथम सांगणाऱ्याला बक्षीस ४०,००० डॉलर! इंटरनेटवरून माणसे जोडून एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या चमूने नऊ तासांच्या आत बाजी मारली. कशी? फुगा शोधणाऱ्याला २,००० डॉलर, त्याला सामील करून घेणाऱ्याला १,०००, त्यालाही ज्याने जोडले त्याला ५००, अशी वाटणी ठरली होती. त्यामुळे माहिती दडवण्यापेक्षा नवे सोबती जोडणे फायद्याचे ठरले. खोट्या खबराही आल्या. त्या पडताळून गाळाव्या लागल्या. सामूहिक शोधाचे मर्म हेच: मदत करणाऱ्या प्रत्येकाला श्रेय द्या आणि आलेली प्रत्येक खबर तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर रक्तदाता शोधतानाही संदेश पुढे पाठवण्याआधी एक फोन करून खात्री करा.